लहान चणीचा मामा, सहा फुटी भाचा आणि मंगलदास मार्केटजवळचं टायचं दुकान

बावीस वर्षं मी रोज टायची फुल विंडसर ही मोठी गाठ बांधत आलो, कारण साध्या गाठीत टाय उरायचा.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. राहायला डोंबिवलीत, एरिया परळ ते सायन. उंची ५ फूट ३ इंच, अंगाने सडपातळ, कॉलर साडेचौदा इंच. बाजारात मिळणारा तयार टाय साधारण ५७-५८ इंचांचा असतो. तो साध्या गाठीत बांधून पुढचं टोक पट्ट्याच्या बकलावर आणलं, की माझी मागची पट्टी पुढच्या पट्टीपेक्षा सहा-साडेसहा इंच खाली लोंबते. ती शर्टाच्या दोन बटणांमधून आत खुपसायची, नाहीतर पँटमध्ये खोचायची. दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या माणसाचा असला जुगाड दुपारपर्यंतही टिकत नाही. फुल विंडसरमध्ये वेढे जास्त, म्हणून ती कापड जास्त खाते आणि दोन्ही टोकं जागेवर येतात. नोकरीला लागलो तेव्हा एका सीनियरने हा उपाय सांगितला आणि तोच हाताला बसला.

त्याची किंमत मला गेल्या वर्षी सायकल मीटिंगच्या, म्हणजे कंपनीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या बैठकीच्या, फोटोत दिसली. माझा चेहरा उभट आणि लहान. त्याखाली ती रुंद तिकोनी गाठ. कॉलरची दोन्ही पानं तिने बाजूला ढकललेली. फोटो बघणाऱ्याची नजर आधी गाठीवर जात होती, मग माझ्यावर. मला खरंच वाईट वाटलं. ज्या डॉक्टरांसमोर मी दोन मिनिटं उभा राहतो, त्यांनाही इतकी वर्षं हेच दिसलं असणार.

तरीही मी काही केलं नसतं. गेलो ते भाच्यामुळे. तो हॉटेल मॅनेजमेंट करून यंदा फ्रंट ऑफिसला लागला. उंची ६ फूट २ इंच, मान लांब, कॉलर साडेसोळा, खांदे रुंद. एका मॉलमधल्या दुकानातून त्याने दोन इंच रुंदीचा काळा टाय आणला आणि व्हिडिओ बघून फुल विंडसर बांधली. टोक बेंबीच्या वर राहिलं. मागची पट्टी इतकी आखूड झाली, की टायच्या पाठीवरच्या, शेपूट अडकवायच्या लूपपर्यंतही पोचेना. बदलून घ्यायला गेला तर विक्रेता म्हणाला, टायला एकच साइज येते, सगळ्यांना तीच. भाचा मला म्हणाला, "मामा, तुला मोठा होतो तोच मला लहान होतो, आणि तो म्हणतो सगळ्यांना एकच?"

आमच्या लाइनमधल्या एका निवृत्त सहकाऱ्याने या दुकानाचा पत्ता दिला. मशीद बंदरला उतरून पश्चिमेला मंगलदास मार्केटच्या दिशेने चालत जायचं. मार्केटच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर हे दुकान आहे. पाटी जिन्याच्या आत आहे, रस्त्यावरून दिसत नाही. खाली चहावाल्याला "टायवाले मास्तर" विचारलं की तो बोट वर करतो. जिना फार उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. वर एक मास्तर, सत्तरीच्या पुढचे, मूळचे रत्नागिरीकडचे. कापणं आणि शिवणं त्यांच्याकडे. मापं घेते त्यांची सून, तिला सगळे वहिनी म्हणतात. वहिनींकडे एक जाड वही आहे. गिऱ्हाइकाची मापं त्यात राहतात, दुसऱ्यांदा गेलं तर पुन्हा टेप लावावी लागत नाही.

पहिली गोष्ट मला फार आवडली. वहिनींनी माझी उंची विचारलीच नाही. त्या म्हणाल्या, "उंचीवरून टाय कळत नाही. एखाद्याची उंची पायात असते, एखाद्याची धडात. रोजचा पट्टा लावलाय ना? मग सरळ उभे राहा, पोट आत घेऊ नका." मग कॉलरच्या वरच्या बटणापासून बकलाच्या मध्यापर्यंत टेप धरली. माझे १५ इंच. भाच्याचे साडेअठरा. त्यानंतर कॉलरचं माप. मग त्यांच्याकडचा एक जुना टाय माझ्या गळ्यात घालून साधी गाठ मारली, गाठीच्या सुरुवातीला आणि शेवटाला खडूने खूण केली, सोडला आणि मोजला. गाठीत गेलेलं कापड ७ इंच. त्याच टायची हाफ विंडसर, म्हणजे मधल्या आकाराची गाठ, ११ आणि फुल विंडसर १४. अस्तर जाड असेल तर हे आकडे वाढतात, त्यामुळे जे अस्तर घालायचं त्याच अस्तराच्या टायवर त्या हे मोजतात.

पुढचा हिशेब त्यांनी वहीत माझ्यासमोर मांडला. कोणालाही घरी करता येईल, म्हणून इथे देतो. बटण ते बकल हे माप दुप्पट करायचं, कारण एक पट्टी पुढे आणि एक मागे. त्यात कॉलर मिळवायची, गाठीत जाणारं कापड मिळवायचं, आणि मागची पट्टी पुढच्यापेक्षा थोडी वर राहावी म्हणून दीड इंच वजा करायचा. माझे ३० अधिक साडेचौदा अधिक ७, वजा दीड, म्हणजे ५०. भाच्याला हाफ विंडसर हवी होती, त्याचे ३७ अधिक साडेसोळा अधिक ११, वजा दीड, म्हणजे ६३. मामा-भाच्यात १३ इंचांचा फरक, आणि दोघांना बाजार ५८ विकत होता.

भाच्याने लगेच विचारलं, मग माझा ५८चा टाय वायाच का? वहिनींनी त्याला साधी गाठ, म्हणजे फोर-इन-हँड, बांधून दाखवली. पुढे साडेअठरा, मागे सोळा, टोक बरोबर बकलावर. म्हणजे तयार टाय त्याला लांबीला बसत होता, चुकीची होती ती गाठ. उंच माणसाने तयार टाय घेतला तर फोर-इन-हँड बांधावी, तिला कापड कमी लागतं. मॉलमधल्या विक्रेत्याला एवढं जरी सांगता आलं असतं तरी पोराची पहिल्या आठवड्याची घालमेल वाचली असती.

माझ्यासारख्याचं दुखणं मात्र गाठ बदलून जात नाही, आणि ते का हे मला मास्तरांनी सांगितलं. टाय टोकाशी रुंद असतो आणि मानेकडे निमुळता होत जातो. कारखान्यात तो अशा बेताने कापतात, की मध्यम बांध्याच्या माणसाची गाठ निमुळत्या भागावर यावी. माझं धड आखूड, त्यामुळे माझी गाठ तीन-चार इंच आधीच, अजून रुंद असलेल्या भागावर पडते. म्हणजे साधी गाठ मारली तरी ती इतरांपेक्षा फुगीरच होणार. वर मी फुल विंडसर घालत होतो! नुसता शेपटाकडून कापून टाय आखूड केला तर लांबी जमेल, पण गाठीचा फुगीरपणा तसाच राहील. म्हणून मास्तर आखूड टाय कापताना निमुळतेपणा लवकर सुरू करतात, आणि जुना टाय दुरुस्त करतानाही गाठीच्या जागी दोन्ही कडांनी आत घेतात. बावीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आरशासमोर मी माझ्या मानेला दोष देत होतो.

रुंदीवर आमची बरीच चर्चा झाली. भाच्याला बारीक टायच हवा होता, त्याच्या मित्रांचे तसेच आहेत. वहिनींनी त्याचा हॉटेलचा कोट मागितला. लॅपलची, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पानाची, सर्वांत रुंद जागा मोजली, साडेतीन इंच. मग त्यावर दोन इंची टाय ठेवला आणि त्याला आरशात बघायला सांगितलं. रुंद छातीवर मधोमध एक काळी फीत लावल्यासारखी दिसत होती, आणि छाती आणखीच मोठी वाटत होती. साडेतीनचा ठेवल्यावर कोट, टाय आणि माणूस एका मापाचे दिसले. लॅपल जेवढी तेवढा टाय, पाव इंच इकडेतिकडे, असा त्यांचा नियम. माझ्या ब्लेझरची लॅपल पावणेतीन इंच निघाली, तर मला पावणेतीन. मी स्वतः अडीच मागत होतो, लहान माणसाला लहान टाय असं माझं मत. त्या म्हणाल्या, "तुम्ही बिनकोटाचे फिरता. नुसत्या शर्टावर टाय फार बारीक झाला, तर तुम्ही आहात त्यापेक्षा बारीक दिसाल." खरं होतं. १९७०च्या दशकातले साडेचार-पाच इंची टाय आमच्या जुन्या मॅनेजरांच्या फोटोंत मी पाहिलेत. ते त्या काळच्या रुंद लॅपलवर शोभायचे, कारण दोन्ही एकत्र रुंद झाले होते.

गाठीच्या बाबतीत त्या चेहरा, मान आणि कॉलर एकत्र बघतात. माझ्या शर्टांची कॉलर टोकदार, दोन पानांमधली फट कमी. तिथे फोर-इन-हँडची लहान, उभट गाठच मावते. भाच्याची कॉलर पसरट. तिच्यात लहान गाठ घातली की दोन्ही बाजूंना टायची पट्टी उघडी दिसते. शिवाय त्याची मान लांब, चेहरा गोल, थोडी भरीव गाठ तिथे आधार देते. म्हणून हाफ विंडसर. फुल विंडसर त्यांनी दोघांनाही नाकारली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या ड्यूक ऑफ विंडसरनी, म्हणजे ब्रिटनचे माजी राजे आठवे एडवर्ड यांनी, ती कधी बांधलीच नाही; त्यांचे टाय जाड अस्तर घालून शिवलेले असत, आणि साध्या गाठीतच ते भरदार दिसत. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "मग? गाठ अस्तरात असते."

मला एकच शंका होती. फोर-इन-हँड थोडी तिरकी बसते, एका बाजूला कललेली. डॉक्टरांसमोर डिटेलिंग करणाऱ्याला, म्हणजे औषधांची माहिती देणाऱ्याला, ते अव्यवस्थित दिसेल असं वाटायचं. त्यावर भाच्याने मोबाइलवर प्रॅट गाठ काढून दाखवली. टाय उलटा, शिवण बाहेर ठेवून सुरू करायची. दोन्ही बाजू सारख्या येतात आणि कापड विंडसरपेक्षा कमी लागतं. अमेरिकेतल्या डॉन शेल्बी या वृत्तनिवेदकामुळे ती १९८९ मध्ये गाजली. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तर १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये गणित मांडून ८५ गाठी मोजल्या. टायची लांबी मर्यादित, म्हणून त्यांनी गाठ बांधण्याच्या नऊ चालींवर थांबायचं ठरवलं. मी प्रॅट आठ दिवस बांधून बघितली. दिसते सुरेख, पण उलटा टाय घेऊन सुरुवात करायला मला आरसा लागतो, आणि आरसा माझ्याकडे नसतो. लोकलच्या गर्दीत मी टाय गुंडाळून बॅगेत ठेवतो आणि पहिल्या दवाखान्याच्या जिन्यात बांधतो. फोर-इन-हँड तिथे डोळे मिटून होते. कललेली असली तरी आता ती मला माझी वाटते. गाठ आवळताना खाली बोटाने दाबून मधोमध एक खळी पाडायची, तेवढ्याने तिला जिवंतपणा येतो.

कापड त्यांच्याकडे फारसं नाही, खालीच मंगलदासमध्ये जाऊन आणायला सांगतात. एका टायला मीटरभर लागतं हे ऐकून मी चकित झालो, कारण हातात टाय केवढासा असतो. पण टाय उरेब कापतात, ताग्यावर ४५ अंशांत तिरका. उरेबमुळे कापडाला ताण येतो, गाठ बसते, आणि सोडल्यावर टाय पुन्हा मूळ आकाराला येतो. उरेब कापलेल्या तीन तुकड्यांचा टाय न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२०च्या दशकात बसवला, आणि आजही शिवण्याची पद्धत तीच आहे. तिरक्या रेघांचा टायसुद्धा सरळ रेघांच्या कापडातूनच निघतो. मास्तरांनी माझा कंपनीचा टाय बारीक बाजूने धरून हवेत लोंबता सोडला. तो हळूहळू पिळा खात फिरला. "उरेब बरोबर नाही," एवढंच म्हणाले. दुकानात तयार टाय घेताना ही परीक्षा जरूर करा. दुसरी परीक्षा म्हणजे मागची फट बोटांनी फाकवून आतला सैल सोडलेला हातशिलाईचा दोरा बघणं. तो सैल असेल तर टाय ओढाताणीत शिवणीपाशी न फाटता सरकून घेतो.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून मी एक रेशमी आणि दोन पॉलिएस्टरचे केले. रेशमावर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग राहतो, आणि परळ स्टेशनच्या पुलावर जून महिन्यात थेंब चुकवता येत नाहीत. मला अस्तर हलकं घातलं, भाच्याला जरा जाड; त्याचा दिवस एसीत जातो.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेला टाय तयार नव्हते, सहा दिवस उशीर झाला. फोन केला असता तर माझी एक खेप वाचली असती, पण तिथून फोन येत नाही, आपणच करायचा. दुकानात कमरेच्या खालपर्यंत दिसेल असा आरसा नाही. टायचं टोक बकलावर येतंय का हे बघायला तोच आरसा हवा, आणि या दुकानात तो नसावा हे मला खटकलं. मी वहिनींना तसं सांगितलं. आणि माझ्या एका पॉलिएस्टर टायचा आतला दोरा घट्ट ओढला गेला होता, टाय मध्यावर चुणला होता. परत नेल्यावर मास्तरांनी काही न बोलता पूर्ण शिवण उसवून पुन्हा घातली, पैसे घेतले नाहीत.

शिलाई अस्तरासकट एका टायला ६५० रुपये, कापड आपलं. जुना टाय आखूड किंवा अरुंद करायचे २५० रुपये. रेशीम मला मीटरला ९०० रुपयांनी मिळालं. म्हणजे रेशमी टाय दीड हजाराच्या आसपास गेला, एवढ्यात मॉलमध्ये तयार टाय येतो. पॉलिएस्टरचे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त पडले. ज्यांचा बांधा मध्यम आहे, तयार टाय बकलावर बरोबर येतो, त्यांनी इथे येऊन पैसे घालवू नयेत असं वहिनी स्वतः सांगतात. माझ्यासमोर त्यांनी एका गिऱ्हाइकाला मोजून तसंच परत पाठवलं. जे आखूड धडाचे, फार उंच किंवा जाड मानेचे आहेत, त्यांनी मात्र एकदा जिना चढावा. जाड मानेच्या माणसाचा टाय मानेभोवतीच संपतो. १८ची कॉलर असेल तर माझ्यापेक्षा साडेतीन इंच तिथेच गेले.

जाताना रोजचा शर्ट, रोजचा पट्टा आणि कोट असेल तर कोट बरोबर न्या. पँट ज्या उंचीवर नेसता त्याच उंचीवर नेसा. कमरेच्या खाली घसरलेल्या पँटवर घेतलेलं माप ऑफिसात चुकतं. रविवारी मार्केट बंद असतं, कापड घ्यायचं असेल तर शनिवारी दुपारी जा.

या महिन्यात मी आमच्या कंपनीचे लोगो असलेले चार टाय दुरुस्तीला देऊन आलो. लोगो टोकाकडच्या रुंद भागात आहे, त्यामुळे वरून आत घेऊन आणि शेपटाकडून कापून ५० इंचांवर आणता येतील, असं मास्तर म्हणाले. पुढच्या सायकल मीटिंगच्या आधी ते हातात हवेत, म्हणून मी यावेळी तारीख आठवडाभर आधीची सांगितली आहे.